रोजची गाडी, कधीतरी ट्रॅक: ब्रेक ऑइल निवडण्याच्या नोंदी

गाडी: स्विफ्ट पेट्रोल, २०१४ ची. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. वापर: पुण्यात रोज ऑफिस, सुट्टीला कोकण आणि अधूनमधून कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे. ट्रॅकसाठी वेगळी गाडी नाही. म्हणजे कारीला जे ऑइल उकळता कामा नये, तेच जुलैच्या पावसात ताम्हिणीतही माझ्या पायाखाली असणार. दोन्हीकडे चालेल असं ऑइल कोणतं आणि ते किती दिवस चालतं, एवढ्याच प्रश्नासाठी या नोंदी ठेवतोय. असाच वापर असलेल्यांना उपयोगी पडतील.

१० फेब्रुवारी २०२४

गेल्या आठवड्यात कारीला दुसऱ्या सेशनच्या शेवटी पेडल लांब गेलं. सरळ पट्ट्याच्या शेवटी सव्वाशेवरून साठपर्यंत यायचं असतं. नेहमी जिथे पेडल घट्ट लागतं तिथे काहीच लागलं नाही, पाय तसाच खाली गेला. लगेच सोडून पुन्हा दाबल्यावर ब्रेक धरले. लॅप हळू पूर्ण करून बाहेर आलो. गाडी उभी केल्यावर पाचएक मिनिटांनी पेडल आणखी मऊ झालं, जवळजवळ तळाला टेकलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा बरंच घट्ट झालं.

उभ्या गाडीत पेडल मऊ होणं हा नेमका पुरावा आहे. गाडी पळत असते तोवर वारा डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग, त्यातच पिस्टन असतो) थंड करत असतो. गाडी थांबली की डिस्कमधली उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. पॅड तापून निसटत असते तर पेडल घट्ट राहिलं असतं आणि गाडी थांबली नसती. ही दोन दुखणी वेगळी आहेत, औषधही वेगळं. कारीला पॅडचा जळका वास येत होता हे खरं, पण पेडल खाली जाण्याचं कारण ऑइलच.

आज पुढच्या डाव्या कॅलिपरच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या पोकळ बोल्टला) पारदर्शक नळी लावून थोडं ऑइल बाटलीत घेतलं. कोऱ्या चहासारखा रंग. बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल मात्र स्वच्छ, फिकट पिवळं. गेल्या सर्व्हिसच्या बिलावर 'ब्रेक ऑइल बदलले' असं लिहिलंय आणि त्याचे पैसेही घेतलेत. डबीतलं ऑइल ओढून नवीन ओतलं, एवढंच झालेलं दिसतंय.

ब्रेकचं ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. पेडल दाबलं की नळीत जेमतेम पुढे सरकतं, सोडलं की मागे येतं. डबीत ओतलेलं नवीन ऑइल कॅलिपरपर्यंत आपोआप कधीच पोहोचत नाही. निपल उघडून जुनं बाहेर काढलं तरच पोहोचतं. आणि गाडीतली सगळ्यात गरम जागा कॅलिपरच. ऑइल बदलायला देत असाल तर गाडीजवळ उभे राहा आणि चारही चाकांचे निपल उघडले का ते पाहा.

१२ फेब्रुवारी

दोन प्रकारे तपासणी केली.

आधी पेनसारखा टेस्टर, ऑनलाइन घेतला, ₹३५०. डबीत बुडवला: हिरवा दिवा. कॅलिपरच्या ऑइलमध्ये बुडवला: पिवळा. म्हणजे याच्या मते एक उत्तम आणि दुसरं 'लवकर बदला'. हा पेन ऑइलमधून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो. ऑइलची जात बदलली की अंदाजही बदलतो.

मग मित्राच्या ओळखीने एका बसच्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांच्याकडे नमुना प्रत्यक्ष उकळवून तापमान दाखवणारं यंत्र आहे. डबीतलं ऑइल: १९६ अंश. पुढच्या कॅलिपरमधलं: १५१ अंश.

झाकणावर डॉट ३ लिहिलंय. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रतवारी. डॉट ३ ची किमान अट अशी: नवं कोरं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये आणि ३.७ टक्के पाणी शिरलेलं १४० पर्यंत. माझं कॅलिपरमधलं ऑइल त्या खालच्या आकड्याजवळ येऊन टेकलं होतं. त्या ऑइलवर मी ट्रॅकवर गेलो, आणि त्याच्या महिनाभर आधी घरच्या चौघांना घेऊन आंबोली घाट उतरलो होतो. ट्रॅकपेक्षा दुसऱ्या गोष्टीचा विचार जास्त वेळ डोक्यात राहिला.

पाणी येतं कुठून? हे ऑइल ग्लायकॉल जातीचं, हवेतली ओल शोषून घेतं. डबीच्या झाकणाला हवा येण्याची वाट ठेवलेली असते, तिथून थोडी ओल जाते. बाकीची चाकाजवळच्या रबरी होजमधून मुरते, आणि होज कॅलिपरलाच जोडलेली. म्हणून दोन नमुन्यांत एवढा फरक. पेन टेस्टर डबीत बुडवून समाधान मानू नका.

१७ फेब्रुवारी

आज खरेदी. आधी आकड्यांचा अभ्यास केला, त्यातला कामाचा भाग इथे ठेवतो.

किमान अटी, नवं ऑइल आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर: डॉट ४ ला २३० आणि १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. ट्रॅकची म्हणून मिळणारी ऑइल बहुतेक डॉट ४ च्याच जातीत बसतात, पण आकडे बरेच वर असतात. मोट्युल आरबीएफ ६०० ला ३१२ आणि २०५. त्याच कंपनीच्या आरबीएफ ६६० ला ३२५ आणि २०४. कॅस्ट्रॉल एसआरएफला ३२० आणि २७०.

६०० आणि ६६० शेजारी ठेवून पाहा. जास्त पैसे देऊन नव्या ऑइलचे १३ अंश वाढतात, पाणी शिरल्यावर मात्र दोन्ही एकाच जागी येतात. जो प्रत्येक सेशनआधी ऑइल बदलतो त्याला ते १३ अंश कामाचे. माझ्या गाडीत तेच ऑइल महिनोन्महिने राहणार. बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलेला पहिला आकडा मला एखाद-दोन आठवडे मिळेल, त्यानंतर गाडी दुसऱ्या आकड्याच्या दिशेने सरकत राहील. म्हणून निवड दुसऱ्या आकड्यावर करायची.

तो निकष लावला तर एसआरएफ सगळ्यांच्या पुढे आहे, यात वाद नाही. पाणी शिरूनही २७० म्हणजे विलक्षण. पण लिटरची किंमत एवढी की वर्षातून एकदा घेतानाही हात आखडतो. आणि इथे सहज मिळत नाही. निपल अडकला, ऑइल सांडलं, आणखी अर्धा लिटर लागलं, तर काम तिथेच थांबणार. आरबीएफ ६०० पुण्यात दुकानात मिळतं.

डॉट ५.१ चा विचार बराच केला. पातळ असतं, उणे ४० अंशांवरची त्याची घट्टपणाची मर्यादा डॉट ४ च्या निम्मी आहे, त्यामुळे एबीएसच्या बारीक झडपांना सोपं जातं. फक्त रस्त्यावरच्या गाडीला चांगली निवड. माझ्यासाठी २६० ची सुरुवात ट्रॅकला तोकडी पडेल असं वाटलं.

नाना पेठेत गेलो. पहिल्या दुकानात काकांनी विचारलं, "साहेब, चार कशाला? पाच घ्या की. चारापेक्षा पाच भारी."

म्हटलं, "काका, ५.१ म्हणताय की नुसतं ५?"

"एकच की हो ते."

एकच नाही, आणि हा घोटाळा महागात पडू शकतो. नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल, रंगाने जांभळं. ते पाणी शोषत नाही म्हणून चांगलं वाटतं. पण आत आलेलं पाणी त्यात न मिसळता सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये, साचून राहतं आणि शंभर अंशांच्या आसपास उकळतं. एबीएसमध्ये त्याला फेस येतो. ग्लायकॉलच्या जुन्या ऑइलवर ते ओतायचं नसतं. डॉट ३, ४ आणि ५.१ एकमेकांत चालतात, नुसतं ५ नाही. काकांनी बाटली आणून दाखवली तेव्हा ती ५.१ चीच निघाली, पण तोंडी मागवताना 'पॉइंट एक' मोठ्याने म्हणा.

घेतलं ते: आरबीएफ ६००, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, ₹४,२००. भावाच्या हॅचबॅकसाठी साधं डॉट ४, दोन बाटल्या, ₹६४०. त्याची गाडी ट्रॅकवर जात नाही, पण रोजचा रस्ता आणि हवा माझ्याच गाडीसारखी, त्यामुळे तुलना करता येईल. बाटल्यांवरची बनवल्याची तारीख आणि झाकणाखालचं सील पाहून घेतलं. अर्धवट भरलेली, उघडलेली बाटली कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, कारण उघडल्या क्षणापासून ते हवेतली ओल पिऊ लागतं.

दोन्ही बाटल्यांतलं थोडं ऑइल बसच्या वर्कशॉपमध्ये उकळवून पाहिलं. साधं डॉट ४: २४८. आरबीएफ ६००: ३०० च्या वर, त्यापुढे यंत्राची पट्टीच संपते.

२४ फेब्रुवारी

सकाळी सुरुवात केली, दुपारी काम अडलं. गाडी चारही घोड्यांवर, चाकं काढलेली. मागचा डावा निपल हलेना. दहा वर्षांत तो कोणी उघडलेलाच नसावा. डब्ल्यूडी-४० मारून तासभर थांबलो. रिंग पाना लावला तर निपलचे कोपरे घसरायला लागले.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले मिस्त्री पाहायला आले. म्हणाले, "सोडवायला जाऊ नको लगेच. आधी किंचित आवळ, कट्ट आवाज आला की मग सोड. आणि आधी हातोडीने हलकं ठोक, गंज सुटू दे." त्या रीतीने बाकीचे तिन्ही निपल निघाले. हा मात्र मानेत तुटला.

मागचा व्हील सिलेंडरच (ड्रमच्या आत ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) बदलावा लागला. ड्रम काढल्यावर कळलं की त्याच्या रबरी बुटाखाली ओल होती, म्हणजे सील गळायला लागलं होतं. तो बदलणं भागच होतं. सिलेंडर ₹६५०, नवे निपल तीन, ₹१८०. दुकान बंद व्हायच्या आत पार्ट मिळाला, पण दिवस गेला.

जुन्या गाडीवर हे काम काढणार असाल तर आदल्या रात्रीच सगळ्या निपलना गंज सुटायचं तेल लावून ठेवा आणि एक मागचा व्हील सिलेंडर आधीच मिळतो का ते विचारून ठेवा. सहाकोनी रिंग पानाच वापरा. बारा कोनांचा पाना आणि उघड्या तोंडाचा पाना निपलचा जीव घेतात.

२५ फेब्रुवारी

ऑइल बदललं. भाऊ पेडलवर, मी चाकापाशी. दाब, धर, सोड, ही जुनी पद्धत. तीत दोन बदल केले, दोन्ही कामाचे ठरले.

पहिला: पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला, म्हणजे पेडल पूर्ण तळाला जात नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलेंडरची (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या भागाची) सीलं ठरावीक अंतरच फिरतात. त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ बसलेला असतो. एअर, म्हणजे नळ्यांतली हवा, काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या खडबडीत भागावरून घासतं आणि दुसऱ्या दिवशी मास्टर सिलेंडर गळायला लागतो. "ऑइल बदललं आणि ब्रेक बिघडले" अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरा: काम सुरू करण्याआधी डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून टाकलं आणि नवीन भरलं. नाहीतर ते सगळं जुनं ऑइल नळ्यांतून ढकलत बसावं लागतं.

क्रम मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या माझ्या गाडीत तो असा येतो. एबीएसच्या काही गाड्यांत कंपनी वेगळा क्रम सांगते, तेव्हा आधी आपल्या गाडीचं पुस्तक पाहा.

पुढच्या उजव्या चाकाशी बुडबुडे थांबेचनात. नळीतून एकसारखी बारीक मण्यांची रांग. पाऊण तास त्यात गेला आणि ऑइलही वाया गेलं. शेवटी कळलं की हवा आतून येत नव्हती, सैल निपलच्या आट्यांतून नळीत शिरत होती. आट्यांभोवती बाहेरून ग्रीसचा पातळ थर लावला, बुडबुडे बंद. निपलच्या तोंडात किंवा भोकात ग्रीस जाऊ द्यायचं नाही.

सांडलेलं ऑइल पुसू नका, पाणी ओता. हे ऑइल रंग खातं. फडक्याने पुसलं की आणखी पसरतं, पाण्याने धुतलं तर विरून निघून जातं. चाकाच्या कमानीवर उडालेले थेंब लगेच धुतले, रंग वाचला.

एका पूर्ण फेरीला पाऊण लिटर लागलं. निघालेलं जुनं ऑइल बाटलीत भरून गॅरेजच्या वापरलेल्या तेलाच्या पिंपाकडे दिलं. मोरीत ओतायचं नाही, झाडाला तर नाहीच.

भावाच्या गाडीचं कामही संध्याकाळी उरकलं. तिथे सगळे निपल सरळ सुटले.

२ मार्च

पेडल चांगलं होतं, पण पहिला सेंटिमीटर थोडा पोकळ. एबीएसच्या युनिटच्या आत जुनं ऑइल राहतं, कारण त्याच्या काही झडपा एरवी बंद असतात. स्कॅनर लावून त्या उघडता येतात, पण तो माझ्याकडे नाही. म्हणून ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या खडीच्या प्लॉटवर, आजूबाजूला कोणी नसताना, चाळीसच्या वेगाला काही वेळा जोरात ब्रेक मारून एबीएस चालू केलं. पायाखाली थरथर आली की झडपा उघडझाप करतात. घरी येऊन पुन्हा चारही चाकांची एअर काढली. पुढच्या दोन्ही चाकांतून आधी गडद ऑइलचा पट्टा आला, मग स्वच्छ. पेडल आता वरच घट्ट लागतं.

दोन्ही पुढच्या कॅलिपरच्या अंगावर तापमानाच्या पट्ट्या चिकटवल्या, ₹१,४००. ठरलेलं तापमान ओलांडलं की त्यातला ठिपका कायमचा काळा होतो. कॅलिपरच्या आत पिस्टनजवळचं ऑइल बाहेरच्या अंगापेक्षा गरमच असणार, त्यामुळे पट्टीचा आकडा कमीत कमी समजायचा.

२३ मार्च, कारी

पेडल दिवसभर घट्ट. फेब्रुवारीत ज्या जागी पाय खाली गेला होता तिथे आता भरवसा वाटत होता.

मात्र तिसऱ्या सेशनमध्ये दुसरं दुखणं वर आलं. पेडल घट्ट, पाय पूर्ण जोराने दाबलेला, आणि गाडी थांबायला जास्त जागा घेतेय. ही पॅडची मर्यादा. रस्त्यासाठीचे पॅड आहेत, ते इतक्या उष्णतेसाठी बनवलेलेच नसतात. ऑइल आधी उकळत होतं तोवर ही मर्यादा गाठलीच जात नव्हती. दोन लॅप गार होऊ दिल्यावर ब्रेक परत आले.

पट्ट्यांवर २०० च्या आसपासपर्यंतचे ठिपके काळे. १५१ अंशांचं ऑइल इथे का टिकलं नाही ते आता आकड्यानेच दिसलं. आणि नवं डॉट ३ सुद्धा टिकलं नसतं.

आणखी एक नोंद: शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता मारायचा. पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून धरायचं नाही, हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड किंवा लाकूड लावायचं. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून राहिले तर उष्णता थेट पिस्टनकडे जाते.

१४ एप्रिल

पुढचे पॅड बदलले. जास्त तापमान झेलणारे, तरी थंडीतही रस्त्यावर धरणारे. ₹३,८००. जुन्या पॅडची जाडी निम्म्याखाली आली होती. पॅडचा थर ऑइलचं उष्णतेपासून रक्षणही करतो, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. झिजलेला पॅड पिस्टनकडे जास्त उष्णता जाऊ देतो, म्हणजे तेच ऑइल पातळ पॅडवर लवकर उकळतं. निम्म्याखालचे पॅड घेऊन आता ट्रॅकवर जाणार नाही.

स्टीलच्या जाळीचे होज घ्यावेत का, असं भावाने विचारलं. माझे रबरी होज ठीक आहेत, फुगलेले किंवा तडकलेले नाहीत. जाळीच्या होजने पेडलचा स्पर्श सुधारतो, ऑइलचा उत्कलनबिंदू वाढत नाही. पैसे वाचवले.

२७ एप्रिल, आंबेनळी

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरलो. ट्रॅक आणि घाट यांतला फरक मला आकड्यांत पाहायचा होता.

साधा हिशेब. माणूस आणि पेट्रोल धरून गाडी साधारण १,०५० किलो. सव्वाशेवरून साठवर येताना ब्रेक जवळजवळ अर्धा मेगाज्यूल उष्णता घेतात. कारीच्या एका लॅपमध्ये अशी तीन-चार मोठी ब्रेकिंग धरली तर लॅपला दोनेक मेगाज्यूल. आंबेनळीत उंची सुमारे १,३०० मीटरने कमी होते. तेवढ्यात त्याच गाडीची साडेतेराच्या आसपास मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. म्हणजे अख्खा घाट ट्रॅकच्या सहा-सात लॅपएवढा.

लॅप दहाएक मिनिटांत संपतात, घाट तासभर चालतो, आणि घाटात दुसरा-तिसरा गिअर ठेवला तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. त्या रीतीने उतरलो. खाली पोहोचल्यावर इन्फ्रारेड गनने डिस्क मोजली तर ११० ते १३०. कॅलिपर हात जवळ नेण्याइतका.

पण पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे आजही दिसतात. त्यांच्या बाबतीत ते सगळे मेगाज्यूल ब्रेकवरच येतात, आणि गाडीतलं ऑइल बहुधा माझ्या फेब्रुवारीतल्या ऑइलसारखंच असतं. ट्रॅकवर पेडल खाली गेलं तर बाजूला मोकळी जागा असते. प्रतापगडाच्या वळणावर नसते. (बोरघाटातल्या ट्रकांची गोष्ट वेगळी. त्यांचे ब्रेक हवेवर चालतात, तिथे ऑइल उकळत नाही, ड्रम तापून निसटतात. गिअरचा नियम मात्र दोघांना सारखाच.)

२० ऑक्टोबर

या नोंदींतला सगळ्यात कामाचा दिवस. मधल्या काळात गाडी पूर्ण पावसाळा रस्त्यावर होती: पुणे रोजचं, शिवाय दापोली आणि गुहागर. भावाचीही तशीच. आज दोन्ही गाड्यांतून नमुने काढले, त्याच वर्कशॉपमध्ये, त्याच यंत्रावर उकळवले.

माझी गाडी, आरबीएफ ६००: डबी २७१, मागचं चाक २५४, पुढचा कॅलिपर २३८.

भावाची गाडी, साधं डॉट ४: डबी २१५, मागचं चाक २०२, पुढचा कॅलिपर १८४.

दोन्हींचा रंग अजून फिकट. रंगावरून काहीच कळलं नसतं. पेन टेस्टरने दोन्ही डब्यांवर हिरवा दिवा दाखवला.

म्हणजे महागडं ऑइलही एका पावसाळ्यात पुढच्या चाकाशी ६० अंशांहून जास्त गमावून बसलं. ते डॉट ४ पेक्षा हळू खराब झालं असंही नाही. घसरण दोन्हीकडे जवळजवळ सारखी, फक्त सुरुवात वरून झाली म्हणून ते वर राहिलं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओल्या हवेत "दोन वर्षांनी बदला" हा सल्ला कॅलिपरसाठी मला पटत नाही.

आता निर्णय सोपा झाला. भावाच्या गाडीत १८४ आहे. गिअरमध्ये घाट उतरणाऱ्याला ते आजही पुरेसं, पुढच्या पावसाळ्यानंतर नसेल. त्याने साधं डॉट ४ च ठेवावं, पण दर दिवाळीच्या सुमाराला चारही निपलमधून बदलावं. वर्षाला ₹६४०. महागडं ऑइल भरून तीन वर्षं विसरण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

माझ्या गाडीत २३८ आहे. पट्टीवर मार्चमध्येच २०० दिसलं होतं, नवे पॅड आणखी उष्णता देतील, आणि आतलं ऑइल पट्टीपेक्षा गरम. ही फट मला अपुरी वाटते.

२७ ऑक्टोबर

एसआरएफ एकदा भरून वर्षभर निश्चिंत राहायचं, की आरबीएफ ६०० वर्षातून दोनदा पूर्ण बदलायचं, अशा दोन वाटा डोक्यात होत्या. तिसरी निवडली, आणि ती नमुन्यांच्या आकड्यांवरूनच सुचली. सगळ्यात खराब ऑइल पुढच्या कॅलिपरमध्ये, आणि सगळ्यात जास्त तापतात तेही तेच. मागचे ड्रम ट्रॅकवरही फार तापत नाहीत. मग प्रत्येक वेळी सगळं बदलायचं कशाला?

ठरवलं ते असं: पावसाळा संपल्यावर आरबीएफ ६०० ने पूर्ण बदल. त्यानंतर प्रत्येक ट्रॅकच्या आधीच्या आठवड्यात फक्त पुढच्या दोन चाकांतून, प्रत्येकी शंभर-सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे कॅलिपर आणि होजमधलं ऑइल पूर्ण नवं होतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते भागतं, उरलेलं मागच्या चाकांना. उरवून ठेवायचं नाही.

आज पूर्ण बदल केला. निपल आता सुटे असल्यामुळे आणि ठोकळा, सिरिंज, ग्रीस हाताशी असल्यामुळे दोन तासांत काम आटोपलं. दोन बाटल्या, ₹४,३००.

१६ नोव्हेंबर, कारी

गेल्या आठवड्यात पुढची चाकं नव्या ऑइलने धुऊन घेतली होती, ₹२,१५० ची एक बाटली. खरं तर ऑक्टोबरचं ऑइल अजून ताजंच होतं, पण पद्धत सुरुवातीपासून पाळायची होती.

सगळी सेशन पूर्ण केली. पेडल पहिल्या लॅपला जिथे लागलं तिथेच शेवटच्या लॅपला लागलं. नव्या पॅडनी थांबायचं अंतर वाढू दिलं नाही. पट्ट्या मात्र मार्चपेक्षा वर गेल्या आहेत, २२० च्या ठिपक्यापर्यंत काळ्या. पॅड जोर धरून राहतात, म्हणजे उष्णताही तितकीच जास्त तयार होते. २३८ अंशांचं ऑइल घेऊन आलो असतो तर आज धोका होता.

परत निघण्याआधी पिटमध्ये पेडल दाबून पाहिलं, वर घट्ट. गाडी पूर्ण गार झाल्यावर पुढच्या निपलमधून थोडं ऑइल काढून बाटलीत घेतलंय. पुण्यात गेल्यावर उकळवून आकडा इथे लिहीन. मागच्या उजव्या व्हील सिलेंडरच्या बुटाखालीही आता ओल दिसतेय, पुढच्या बदलाच्या वेळी तोही नवा बसवायचा आहे. ₹६५० आणि अर्धा दिवस धरून ठेवलाय.